परवान्यावरची पारध

शिकारकथा बहुधा पहाटे सुरू होते. मचाण बांधून झालेले असते, हाकारे डोंगराच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उभे राहिलेले असतात, आणि वाचकाच्या पुढ्यात थेट बंदुकीच्या टप्प्यातले जंगल येते. त्या पहाटेच्या आधीचे तीनचार महिने मात्र कथेत क्वचितच शिरतात. कोणत्या महिन्यात निघायचे, कोणते रान मिळेल, परवाना कोणाकडे मागायचा, बैलगाड्या किती लागतील, हाक्याला माणसे कोण देईल, हा सारा व्यवहार कथाकाराच्या लेखी किरकोळ असतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तोच अधिक बोलका वाटावा. शिकारीचा प्रत्यक्ष क्षण सर्वत्र सारखाच असतो. त्या क्षणापर्यंत कोण पोहोचू शकतो आणि कोणाला वाटेतच अडवले जाते, हे त्या त्या काळाची राज्यव्यवस्था ठरवते.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘शिकार’ हा फारसीतून आलेला शब्द. ‘मृगया’ संस्कृत आणि राजघराण्याच्या थाटाचा. ‘पारध’ मात्र खेड्यातला. हा शेवटचा शब्द ‘पापर्द्धि’ या संस्कृत शब्दापासून प्राकृताच्या वाटेने आला, असे व्युत्पत्तिकार मानतात. पापाची वृद्धी हा त्याचा उघड अर्थ. एकाच कृतीला राजा करतो तेव्हा मृगया म्हणावे आणि रानातला माणूस करतो तेव्हा पापवृद्धी, ही विभागणी कायद्याच्या पुस्तकात यायच्या कितीतरी आधी भाषेत झालेली दिसते. ‘शाकुंतला’तली मृगयाही सुसज्ज आहे. दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेचे गुण गातो, विदूषक तिला कंटाळलेला आहे, आणि राजाचे मन बदलताच रान वेढण्यासाठी पुढे गेलेल्या वनग्राहींना परत बोलावण्याची आज्ञा सुटते. म्हणजे हाकारे तेव्हाही होतेच. शिकारीला मनाई असलेली भूमीही होती, कारण पहिल्याच अंकात आश्रमाचा मृग म्हणून दुष्यंताचा बाण थांबवला जातो. फरक इतकाच की, तिथे राजाला थांबवणारा तपस्वी आहे. पुढे आपल्याकडे जी मनाई आली ती राजसत्तेनेच इतरांवर घातली.

ती मनाई दोन कायद्यांनी एकाच वर्षी आणली. १८७८च्या भारतीय वन अधिनियमाने सरकारी जंगलांची राखीव, संरक्षित आणि ग्रामवन अशी प्रतवारी केली आणि राखीव जंगलात नियमांविरुद्ध शिकार करणे, मासे मारणे, फासे लावणे हे गुन्हे ठरवले. त्याच १८७८ सालच्या शस्त्र अधिनियमाने बंदुकीला परवाना आवश्यक केला, आणि पहिली अनेक वर्षे युरोपीयांना त्यातून सूट होती. हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचले म्हणजे सरकारी रान आणि सरकारमान्य बंदूक यांची सांगड कशी घातली गेली ते कळते. जंगल ‘सार्वजनिक’ झाले, पण त्याच्या कडेला राहणाऱ्या जनांसाठी ते बंद झाले आणि लांबून अर्ज पाठवणाऱ्यासाठी नियमांनिशी उघडले.

लांबून येणाऱ्याची तयारी कशी असे? मुंबईहून नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला आणि मध्य प्रांतातली जंगले मुंबईकराच्या आवाक्यात आली. त्या प्रांतात राखीव जंगलांचे ‘शूटिंग ब्लॉक’ पाडलेले असत. वनाधिकाऱ्याकडे आधी अर्ज करून एखादा ब्लॉक ठरावीक मुदतीसाठी मिळवायचा आणि किती जनावरे मारता येतील याची मर्यादा परवान्यावर नोंदवून घ्यायची, अशी रीत होती. वाघासाठी पसंतीचा मोसम म्हणजे वसंताची अखेर आणि ग्रीष्म, एप्रिल आणि मे. पानगळ झालेली असते, दृष्टी लांबवर पोहोचते, आणि पाणी थोड्याच डोहांत उरल्यामुळे जनावर कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. मग तंबू, शिधा, बैलगाड्या, आमिषासाठी हेले आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणसे. कोणता झरा आटत नाही, वाघ कोणत्या नाळीतून उतरतो हे ज्या गोंडाला किंवा कोरकूला ठाऊक, त्याच्यावाचून ब्लॉकचा नकाशा कोराच. पण त्याच गोंडाने त्याच राखीव रानात आपले तीरकमठे घेऊन ससा मारला तर तो गुन्हेगार. ज्ञान भाड्याने घेतले गेले आणि हक्क काढून घेतला गेला, असे या व्यवस्थेचे थोडक्यात वर्णन करता येईल.

या काळाचे कागद जपणारी एक संस्था मुंबईतच उभी राहिली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोन मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी आत्माराम पांडुरंग, आणि औषधी वनस्पतींचे अभ्यासक सखाराम अर्जुन, जे रखमाबाईंचे सावत्र वडील होत. त्यांच्याबरोबर ‘एहा’ या नावाने लिहिणारा एडवर्ड हॅमिल्टन एटकेन होता; सातपुड्यातल्या छावणीजीवनावर १८७७ साली पुस्तक लिहिणारा स्टर्नडेल मात्र संस्थापकांत नव्हता, तो स्थापनेनंतर संस्थेत आला. १८८६ पासून निघू लागलेल्या सोसायटीच्या नियतकालिकात शिकाऱ्यांची मोजमापे आणि निरीक्षकांच्या टिपणी शेजारीशेजारी छापल्या जात. मारलेल्या पक्ष्याचे कातडे नमुना म्हणून संग्रहात जाई. बालपणी मारलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख पटवण्यासाठी सलीम अली या संस्थेत गेले आणि त्यांना सचिव मिलर्ड भेटले, ही हकिगत त्यांच्या १९८५च्या आत्मचरित्रामुळे सर्वज्ञात आहे. भारतीय पक्षिशास्त्राची एक वाट छर्‍याच्या बंदुकीपासून निघते, हे सत्य गैरसोयीचे असले तरी नाकारण्यात अर्थ नाही.

एटकेनचा जन्म १८५१ सालचा, साताऱ्याचा. नोकरी जकात व मीठ खात्यातली. मिठागरांवर देखरेख ठेवणाऱ्या या खात्याचा माणूस दूरच्या ब्लॉकपेक्षा बंगल्याच्या ओसरीवरच्या पाली, मुंग्या आणि कावळे यांच्यावर लिहितो, आणि १९०० साली मुंबईच्या सामान्य पक्ष्यांवर पुस्तक काढतो. दूरच्या मोहिमेला जवळच्या निरीक्षणाचा पर्याय असू शकतो, हे त्याने विनोदाच्या अंगाने दाखवले. साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला, आज मीरा-भाईंदर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, असे निरीक्षण करायला किती वाव होता! वसईच्या खाडीकाठची मिठागरे, खारफुटी, पावसाळ्यानंतर भाताच्या ओल्या खाचरांत उतरणारे पाणलावे, आणि पूर्वेला घोडबंदर-चेण्याकडे चढत जाणारे रान. खाडीवरून जाणारा लोहमार्ग १८६४ मध्ये मुंबई-सुरत असा जोडला गेल्यावर पाणलाव्यासाठी दूर जाण्याची, ब्लॉक मागण्याची गरज मुंबईकराला उरली नसावी. या शिकारीला सकाळची गाडी पुरेशी होती. दूरच्या वाघाची दीर्घ योजना आणि जवळच्या पाणलाव्याची सुटीतली सहल, हे एकाच छंदाचे दोन स्तर होते; आणि दोन्हीत चिखल तुडवणारी माणसे गावचीच असणार, हे सांगायला पुरावा कशाला हवा?

येथे सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेत वसंतातली रानटर्कीची शिकार हा मोठा सोहळा आहे. शिकारी शेकडो मैलांवरच्या सार्वजनिक जमिनीचा नकाशा हिवाळ्यातच उलगडून बसतो, परवाना काढतो, आणि मादीच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून नराला जवळ बोलावतो. माद्या अंड्यांवर बसण्याच्या सुमारास प्रामुख्याने नरच मारायचे, असा या मोसमामागचा हिशेब. १९३७च्या एका कायद्याने बंदुका व दारूगोळ्यावरील कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव कामाकडे वळवला, आणि एकेकाळी नामशेष होऊ घातलेला हा पक्षी पुन्हा पसरला. तिथला शिकारी त्या जमिनीचा स्वतःला मालक समजतो आणि तिच्यासाठी कर भरतो.

आवाजाने पक्षी बोलावण्याची ही विद्या आपल्याकडे अनोळखी नाही. फासेपारधी पाळलेला तितर पिंजऱ्यातून माळावर नेतो, तो ओरडू लागतो, त्याला उत्तर द्यायला, आपली हद्द राखायला रानातला नर धावून येतो आणि भोवती मांडलेल्या फाशांत अडकतो. पक्ष्याचा स्वभाव, ऋतू, वेळ, वाऱ्याची दिशा या सर्वांचे नेमके ज्ञान दोन्हीकडे सारखेच. पण एकाला नागरिकाचा परवाना मिळाला आणि दुसऱ्याला गुन्हेगाराची हजेरी. गुन्हेगार जमातींचा १८७१चा कायदा १९११ च्या नव्या रूपात देशभर लागू करण्याजोगा झाला. पारध्यांच्या वाट्याला त्यातून संशयाचे जे जिणे आले, ते १९५२ साली कायदा देशातून रद्द झाल्यावरही संपले नाही.

संरक्षणाच्या कायद्यांचा क्रमही याच दृष्टीने वाचावा. १९१२च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण अधिनियमाने मोर, तितर, लावे, रानकोंबडे, हरणे यांच्यासाठी बंद मोसम ठरवण्याचा अधिकार सरकारांना दिला. त्या यादीत वाघ नव्हता. त्याला मारल्याबद्दल उलट बक्षिसे मिळत. म्हणजे वसंतात तितराला अभय आणि वाघाला हाका, अशी स्थिती होती. पुढे १९५१ साली मुंबई राज्याने आपला स्वतंत्र कायदा केला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकार एका फटक्यात बंद केली, असा समज रूढ आहे. वस्तुतः त्या कायद्यातही काही प्राण्यांसाठी शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती, आणि ती १९९१च्या दुरुस्तीने गेली. परवान्याचे युग असे शंभराहून अधिक वर्षे चालले.

मराठी साहित्याचा या युगाशी संबंध विलक्षण आहे. इंग्रजीत शिकारीचे साहित्य परवान्याच्या ऐन भरात लिहिले गेले. मराठीतले अरण्यविषयक श्रेष्ठ गद्य मात्र बहुतांशी परवाना मावळत असताना किंवा मावळल्यानंतर आले. व्यंकटेश माडगूळकर स्वतः हौशी शिकारी होते. ‘नागझिरा’ लिहिणारा माणूस १९७० साली अभयारण्य झालेल्या रानात केवळ पाहण्यासाठी मुक्काम करतो, आणि १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणाऱ्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्यांचा संघर्ष तटस्थपणे नोंदवतो. शिकाऱ्याची नजर तशीच राहिली, हातातली वस्तू बदलली. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) तर वनखात्याचेच अधिकारी, म्हणजे परवान्याच्या टेबलापलीकडे बसलेल्या व्यवस्थेतले. त्यांच्या लेखनात आदिवासींचे, पारध्यांचे शब्द आणि पक्ष्यांची नावे मानाने येतात. ज्या ज्ञानाला कायद्याने गुन्हा म्हटले, त्याला कोशात जागा मिळाली. ही भरपाई मानावी का? अंशतः मानता येईल. कारण शब्द कोशात आला तरी तो उच्चारणारा रानात परतला नाही. परवाना नसलेल्याच्या तोंडून आलेली पारधकथा मराठीत अद्याप विरळाच आहे.

मीरा-भाईंदर २००२ साली महानगरपालिका झाले. त्याच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे. बिबट्या तिथे आजही आहे आणि तो हद्द मानत नाही. पाड्यांतल्या वारल्यांना ती मानावी लागते. सार्वजनिक जमीन म्हणजे कोणाची, हा १८७८चा प्रश्न तिथे आजही शिळा झालेला नाही. शिकारकथा वर्गात शिकवताना म्हणूनच एक साधी सवय लावून घ्यावी: गोळी सुटण्याआधी थांबून विचारावे की, या रानात येण्याची परवानगी कोणी दिली, कोणाला दिली, आणि हाका घालणाऱ्याचे नाव लेखकाने लिहिले आहे का. बहुतेक वेळा ते लिहिलेले नसते. मग त्या अनामिकाच्या बाजूने तीच कथा पुन्हा वाचावी.