साठ लाखांचा फोन

२४ मे १९७१. दिल्लीतील स्टेट बँकेच्या संसद मार्ग शाखेचे मुख्य रोखपाल वेदप्रकाश मल्होत्रा यांना फोन आला. आवाज पंतप्रधान इंदिरा गांधींचा : बांगलादेशच्या गुप्त कामासाठी ६० लाख रुपये हवेत; सांकेतिक शब्द सांगणाऱ्याकडे द्या.

मल्होत्रांनी रक्कम दिली. पावतीसाठी पंतप्रधानांकडे गेल्यावर कळले, असा फोन केलाच नव्हता. माजी लष्करी अधिकारी रुस्तम नगरवाला त्याच दिवशी पकडला गेला. आवाजाची नक्कल केल्याची कबुली त्याने दिली. शंका मात्र पुढेही उरल्या.

मोठे नाव, गुप्तता, घाई : कार्डाचा तपशील वा ओटीपी मागणाऱ्या आजच्या फोन-संदेशांची हत्यारेही हीच. मल्होत्रांना सत्य कळले ते पैसे गेल्यावर. म्हणून फोन ठेवावा, कार्डामागील क्रमांकावर बँकेला स्वतः विचारावे. फसवणूक झालीच, तर तत्काळ १९३० वर कळवावे.