अंबाडीचे पान आणि अंबाडीचा दोर



भंडाऱ्याच्या बाजारात मिळणारी अंबाडीची जुडी निवडताना देठाचे बारीक काटे बोटांना लागतात. तूरडाळ आणि तांदळाच्या कण्या घालून, हिंगाची फोडणी दिली की कांदा-लसणाची आठवणही येत नाही. ही भाजी आपल्या झाडीपट्टीत इतकी मुरली आहे, पण तिचे मूळ घर आफ्रिका. तिथे ती आजही रानात उगवते. लिनियसने १७५९ मध्ये तिला ‘हिबिस्कस कॅनाबिनस’ हे शास्त्रीय नाव दिले. जास्वंद तिच्याच कुळातली. सरबताची लाल अंबाडी ही तिची बहीण.

पूर्वी शेतकऱ्याला पानाएवढीच तिची सालही मोलाची होती. अंबाडी कापायची, पाण्यात कुजवायची, साल सोलून वाख काढायचा आणि दोर वळायचे. कासरा, दावे, चऱ्हाट तिचेच. १९४७ च्या फाळणीत तागाची बहुतेक शेते पूर्व पाकिस्तानात गेली आणि गिरण्या कलकत्त्याकडे राहिल्या. तेव्हा पोत्यांसाठी देशात अंबाडीचा धागा, म्हणजे ‘मेस्टा’, वाढवला गेला. पुढे नायलॉन आले, घरचे दोर मागे पडले. भाजी तेवढी उरली.

पावसाळ्यात पानांवर सूक्ष्म जीव फार, म्हणून पर्युषणात आपण हिरवी भाजी सोडतो. श्वेतांबर पर्युषणाच्या आठ दिवसांतच बहुधा पोळ्याची अमावास्या येते. म्हणजे अंबाडी आपल्या चुलीवर नसायची, पण सजवलेल्या बैलाच्या नव्या दाव्यात असायची.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. त्यात पहिला बंध, म्हणजे जीवाला बांधून ठेवणे. जनावर बांधावेच लागले तर सैल बांधावे, आग लागली तर चटकन सोडवता यावे, असे जुन्या आचार्यांनी समजावले आहे.

पानाचा नियम आपण काटेकोर पाळतो. दोराचा नियमही तितकाच जुना आहे. वाखाचा दोर कधीतरी झिजून तुटे. नायलॉनचा कुजत नाही, सहजी तुटतही नाही. म्हणून या पर्युषणात गोशाळेला दान देताना चाऱ्याबरोबर दाव्याचीही चौकशी करूया: गाठ सैल आहे ना, मान काचत नाही ना?