मामालच्या वाटा : प्रस्तावना

मळवली स्टेशनात उतरून भाज्याच्या लेण्यांकडे निघालात, की द्रुतगती महामार्ग ओलांडावा लागतो. मागे कार्ल्याचा डोंगर, समोर विसापूर आणि लोहगड. मधल्या खोऱ्यात जुना महामार्ग, लोहमार्ग आणि हा नवा रस्ता. रस्ते आणि वारसा या विषयात नव्याने येणाऱ्याने इथे थोडा वेळ थांबावं.

कारण रस्ता मावळात उपरा नाही. बोरघाटाची चढण संपल्यावर लागणाऱ्या खोऱ्यातच एवढी लेणी का, याचं बरंचसं उत्तर कार्ल्याच्या दानलेखांत आहे. तिथे वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल भेटतो, सोपाऱ्याचा दाता भेटतो, धेनुकाकटचे यवन भेटतात. वळुरक, म्हणजे कार्ल्याच्या लेण्यातल्या, भिक्षूंना करजिक गाव देण्याचा सातवाहनांचा हुकूम मामालच्या, म्हणजे आपल्या मावळच्या, अमात्याला सुटलेला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी या भागात पायी हिंडले, सूक्ष्मास्त्रं वेचत गेले, आणि इथल्या कित्येक वाटा लेण्यांच्याही आधीच्या असल्याचं त्यांनी मांडलं. त्यांचं १९६२ सालचं ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ अजूनही या अभ्यासाचं प्रवेशद्वार आहे.

त्यामुळे ‘रस्ताच नको’ ही भूमिका मला पटत नाही. आजारी माणसाला डोलीतून खाली आणावं लागणाऱ्या वाडीला ती सांगायला कोणी धजावूही नये. वाद आहे तो आखणीचा.

प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाच्या १९५८च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून किमान १०० मीटर बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगीची अट आली. नियम उपयोगाचा आहे. पण तो स्मारकाभोवती फिरतो. खिंडीतलं पाण्याचं टाकं, कातळात झिजलेल्या पायऱ्या, देवराई, वेशीवरची वीरगळ यांची बहुधा कुठल्याच यादीत नोंद नसते. मुरमाचा भराव पडला की संपलं.

युनेस्कोने ‘सांस्कृतिक भूदृश्य’ हा प्रकार १९९२मध्येच मान्य केला. जुलै २०२५मध्ये लोहगडही इतर ११ किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेला. यादीने सगळं साधतं असं मात्र नाही. आयर्लंडमध्ये ताराच्या टेकडीजवळून एम-३ महामार्ग नेताना, २००७ साली लिस्मुलिनला आखणीतच एक प्राचीन वर्तुळाकार स्थळ निघालं. त्याला राष्ट्रीय स्मारक ठरवलं, खोदून नोंद घेतली, आणि रस्ता तिथूनच गेला. आखणी पक्की झाल्यावर लागलेला शोध असा फुकट जातो. सर्वेक्षण निविदेआधी हवं, हे या क्षेत्रातलं माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत दुर्लक्षित तत्त्व.

त्यासाठी पदवी लागत नाही. तुमच्या गावची जुनी घाटवाट गुराख्याला सोबत घेऊन एकदा चाला, टाकी-पायऱ्यांची छायाचित्रं अक्षांश-रेखांशासह टिपा, आणि ती नोंद ग्रामपंचायतीत आणि पुरातत्त्व खात्यात लेखी देऊन पोच घ्या.