ज्ञानग्रंथ आणि समाधान

बायबलच्या जुन्या करारांतील नीतिसूत्रें, ईयोब व उपदेशक या ग्रंथांस पंडित ज्ञानवाङ्मय म्हणतात. मनुष्यानें जगांत शहाणपणानें कसें वागावें व समाधान कोठें शोधावें, हा त्यांचा विषय. यामुळें हें सर्व म्हणजे गोड उपदेशांचें गाठोडें, असा समज सहज होतो. त्यांचा इतिहास पाहिल्यास तो समज टिकत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

नीतिसूत्रांतील कांहीं भाग हिज्कीया राजाच्या माणसांनीं उतरून घेतला, असें त्या ग्रंथांतच नमूद आहे. पण या शहाणपणाचे झरे यहूदाच्या सीमेबाहेरहि होते. 1888 सालीं वॉलिस बज यांनीं ब्रिटिश म्यूझियमसाठीं इजिप्तमधून एक पपायरस मिळविला. तो 1923 त प्रसिद्ध झाला, व दुसऱ्याच वर्षीं एर्मान या जर्मन पंडितानें त्यांतील आमेनेमोपेच्या उपदेशाचें नीतिसूत्रांशीं असलेलें निकट साम्य दाखवून दिलें. गरिबास लुबाडूं नये, शेताची हद्द सरकवूं नये, हें दोहोंत आहे. संपत्ति इजिप्शियन ग्रंथांत रानहंसांसारखी उडून जाते, हिब्रू ग्रंथांत गरुडासारखी. मग ईश्वरी प्रेरणा कोठें राहिली, असें कोणी विचारील. आम्हांस उलट वाटतें. परक्याच्या दारचें शहाणपण ओळखून तें आपल्या देवाच्या चरणीं ठेवणाऱ्यांचें मन मोठेंच म्हटलें पाहिजे.

नीतिसूत्रांचा हिशेब बहुधा सरळ आहे: उद्योगी भरभराटतो, आळशी उपाशी राहतो. ईयोबाच्या ग्रंथांत हा हिशेबच फसतो. सज्जनाचें धन, मुलें, आरोग्य सर्व जातें, आणि मित्र त्यास ऐकवितात कीं दुःख आहे त्या अर्थीं पाप असलेंच पाहिजे. देव ईयोबास त्याच्या ज्ञानाची मर्यादा दाखवितो खरा. परंतु त्याचा क्रोध पेटतो तो या मित्रांवर. उपदेशककर्ता तर धन, विद्या, सुख या सर्वांस वाफ म्हणतो. हा ग्रंथ पवित्र मानावा कीं नाहीं, याविषयीं शम्माय व हिल्लेल यांच्या संप्रदायांत मतभेद होता, अशी नोंद मिश्नांत आहे. तरी तो राखला गेला. श्रद्धा व शंका एकाच बासनांत बांधण्याचें हें धैर्य लहान नव्हे.

समाधान म्हणजे मुकाट्यानें सोसणें, असें सांगणारे सर्व धर्मांत निघतात. आणि हा उपदेश बहुधा पोट भरलेल्यांकडून उपाशांस होतो. ज्ञानग्रंथांचें म्हणणें तसें नाहीं. आगूर दारिद्र्यहि नको म्हणतो व श्रीमंतीहि नको. एकानें चोरी घडेल, दुसरीनें देवाचा विसर पडेल. पुढें पौलानें बंदिवासांतून फिलिप्पैच्या मंडळीस लिहितांना समाधानासाठीं स्टोइकांच्या परिचयाचा शब्द योजला; परंतु तें आपण शिकलों, असें तो म्हणतो, आणि त्याच पत्रांत मंडळीनें पाठविलेल्या मदतीची कृतज्ञतेनें पोंच देतो. असें समाधान दुसऱ्याचें देणें घ्यावयास लाजत नाहीं.

हे ग्रंथ मराठींत आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई होत्या. त्यांचे आईबाप दुष्काळाच्या दिवसांत गेले, 1880 सालीं भाऊ, 1882 त पति, व 1921 त एकुलती कन्या मनोरमा. 1922 त त्या स्वतः वारल्या. मूळ भाषांवरून केलेलें त्यांचें बायबलचें भाषांतर 1924 सालीं पूर्ण प्रसिद्ध झालें. ईयोबाच्या शब्दांसाठीं त्यांस कोश उघडावा लागला असेल, अर्थासाठीं खास नाहीं. आणि 1896-97 च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून आणलेल्या मुलींस त्यांनीं सोशिकपणाचा उपदेश करून वाटेस लावलें नाहीं. केडगांवीं त्यांस अन्न, विद्या व हातास काम दिलें. ज्ञानवाङ्मयाचें याहून चांगलें भाष्य आमच्या पाहण्यांत नाहीं.