ऊन, माशाचे तेल आणि फुप्फुसे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात क्षयरोग्यांना कॉड माशाच्या यकृताचे तेल पाजत. वास उग्र, चव त्याहून वाईट. पण तिथल्या डॉक्टरांनी नुसते पाजले नाही, हिशेबही ठेवला. ५४२ रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर तेल दिले, ५३५ जणांना दिले नाही. सुधारणा दोन्हीकडे जवळपास सारखीच दिसली. मात्र तेल न घेतलेल्यांपैकी ३३ टक्के रुग्ण खालावले किंवा दगावले. तेल घेतलेल्यांत हेच प्रमाण १९ टक्के होते.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने दाखवला १८८२ साली, म्हणजे त्यानंतर तीसेक वर्षांनी. त्या तेलातल्या ज्या घटकाने मुडदूस बरा होतो त्याला ‘ड’ जीवनसत्त्व हे नाव मिळायला तर १९२२ उजाडले.

हेच जीवनसत्त्व उन्हाने आपल्या त्वचेतही तयार होते; आणि तोवर उन्हाचे युग सुरू झाले होते. १९०३ मध्ये डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नोबेल मिळाले आणि त्याच वर्षी ऑग्युस्त रोलिए या डॉक्टरने स्वित्झर्लंडमधल्या लेझँ गावात, आल्प्सच्या उतारावर, सूर्योपचाराचे रुग्णालय थाटले. त्याची शिस्त कडक. पहिल्या दिवशी ऊन फक्त पावलांना, तेही पाचच मिनिटे. मग दिवसागणिक पोटऱ्या, मांड्या, पोट, आणि छाती सगळ्यात शेवटी. हाडासांध्यांचा क्षय झालेली मुले गच्चीवर खाटा टाकून बर्फातल्या उन्हात उघडी पडून असत. फुप्फुसांच्या क्षयात मात्र रोलिए फार जपून वागे. ही सावधगिरी त्याच्या अनेक अनुयायांना जमली नाही.

हवापालटाची ही लाट आपल्याकडेही आली. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीत बेल एअर हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम सुरू केले; मिरजेजवळ वॉनलेसवाडीचे क्षयरोग आरोग्यधाम उभे राहिले. मग औषधे आली आणि चित्र पालटले. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या अभ्यासाने दाखवले की, गोळ्या नियमित घेतल्या तर दाटीच्या वस्तीतल्या घरात राहूनही रुग्ण आरोग्यधामाइतकाच बरा होतो. भारताने जगाला दिलेला हा फार मोठा धडा आहे.

‘ड’ जीवनसत्त्वाकडे संशोधक पुन्हा वळले ते २००६ नंतर. शरीरातल्या रक्षक पेशी त्याच्याच मदतीने जंतू मारणारे प्रथिन बनवतात, हे त्या वर्षी दिसले. पण मंगोलियातल्या आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांना हे जीवनसत्त्व तीन वर्षे देऊनही क्षयाचा संसर्ग टळला नाही.

क्षय नसतानाही या जीवनसत्त्वाचा फुप्फुसांना उपयोग होतो का, हे पाहणारा बॉस्टन परिसरातल्या ६२६ पुरुषांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या रक्तातले ‘ड’ जीवनसत्त्व १९८४ ते २००३ या काळात तीनदा मोजले होते. सर्वांचा एकत्र विचार केला तर त्याचा फुप्फुसांच्या कार्यक्षमतेशी ठळक संबंध दिसला नाही. सिगारेट ओढणाऱ्यांत मात्र, ज्यांच्याकडे हे जीवनसत्त्व कमी होते, त्यांची फुप्फुसे अधिक वेगाने खालावली.

गोळी घेतली की धूर बाधणार नाही, असे या अभ्यासाने कुठेही म्हटलेले नाही. कमतरता असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ती जरूर भरून काढावी; बिडी-सिगारेट सोडणे त्यासाठी एक दिवसही पुढे ढकलू नये.