विरजणाची कुळकथा

दूध कशाने विरजावं, याची चर्चा थेट तैत्तिरीय संहितेत सापडते. पूतिकेची वेल, पळसाची साल, बोरं, तांदूळ अशी साधनं तिथे सांगितली आहेत; इंद्राच्या हविर्भागासाठी मात्र दूध दह्यानेच विरजायचं. दह्याने दही लावायची ती रीत आजही घरोघरी चालू आहे.

विरजणात नेमकं काय असतं, हे कळायला विसावं शतक उजाडलं. १९०५ साली जिनिव्हात शिकणाऱ्या स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाला मायदेशातल्या दह्यात काडीसारखा जिवाणू दिसला. तो पुढे लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस म्हणून ओळखला गेला. त्याचा गोल जोडीदार स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस. त्याचं वर्णन डॅनिश शास्त्रज्ञ ओर्ला-येन्सेन यांनी १९१९ मध्ये केलं.

या दोघांची देवघेव विलक्षण आहे. दुधातलं केसिन गोल जिवाणूला सहसा नीट फोडता येत नाही. काडीजिवाणू ते फोडतो आणि त्यातून सुटलेली अमिनो आम्लं गोल जिवाणूच्या कामी येतात. त्या बळावर तो झपाट्याने वाढतो, दुधातला ऑक्सिजन संपवतो आणि फॉर्मिक आम्ल, फोलिक आम्ल, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. काडीजिवाणूला वाढायला हेच हवं असतं. ४२ अंशांच्या आसपास ही जोडी काही तासांत दूध घट्ट लावते. एकेकट्याला त्याहून खूप वेळ लागतो. घरी, साध्या तापमानाला लागणाऱ्या दह्यात लॅक्टोकोकससारखे इतर जिवाणूही असतात.

भारतात दुधाच्या शास्त्राला हक्काचं घर मिळालं ते बंगळुरूत. पशुपालन आणि दुग्धव्यवसायाची इंपीरियल संस्था १९२३ साली तिथे सुरू झाली. १९२७ मध्ये प्रकृतीसाठी त्या भागात राहिलेले गांधीजी तिथे गोपालनाचे धडे घ्यायला जात. १९५५ मध्ये मुख्य संस्था कर्नालला गेली. बंगळुरूला दक्षिण विभागीय केंद्र राहिलं. दुग्धालयात आज निवडक जिवाणूंचं तयार विरजण वापरतात. घरातलं विरजण मात्र कालच्या दह्यातूनच येतं.

म्हणून ते जपायला हवं. दही फार आंबलं की आम्ल न सोसणारे गोल जिवाणू मागे पडतात, काडीजिवाणू वरचढ होतात आणि पुढचं दही आणखी आंबट लागतं. तेव्हा दही लागलं की ताजं असतानाच चमचाभर बाजूला काढा आणि थंड जागी ठेवा.