घरातलं मांजर म्हातारं झालंय की आजारी आहे?

आसेगाव (जि. वाशिम) आणि आसपासच्या गावांत आपल्या अनेक घरांत मांजर असतं. दहा वर्षांपुढचं मांजर म्हातारं समजतात. ते सुकलं, कोपऱ्यात बसू लागलं की आपण म्हणतो, "आता वय झालं त्याचं." पण म्हातारपण हा आजार नाही. वयावर ढकलल्या जाणाऱ्या बऱ्याच त्रासांवर इलाज आहे. मांजर आपलं दुखणं लपवतं, म्हणून घरच्यांनीच लक्ष ठेवावं लागतं. त्यासाठी आम्ही काही खुणा देत आहोत.

भरपूर खातं, तरी सुकतं: थायरॉइड वाढलेलं असू शकतं किंवा शुगर. दोन्हींवर औषधं आहेत.

पाणी जास्त, लघवी जास्त: किडनी किंवा शुगर तपासावी. किडनीचा जुना आजार पूर्ण बरा होत नाही, पण लवकर कळला तर आहार आणि औषधांनी आटोक्यात ठेवता येतो.

तोंडाला वास, लाळ, घास टाकून देणं: दात-हिरड्यांचं दुखणं. दात साफ केले किंवा खराब दात काढला की मांजर पुन्हा खाऊ लागतं.

उडी मारत नाही, केसांच्या गाठी होतात: सांधे दुखत असतील.

बोका लघवीला बसतो, पण होत नाही: त्याच दिवशी दवाखाना गाठा. मार्ग बंद राहिला तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो.

दर महिन्याला वजन करा. मांजर घेऊन काट्यावर उभं राहा, मग आपलं वजन वजा करा. चार किलोच्या मांजराचं अर्धा किलो वजन घटणं म्हणजे ६४ किलोच्या माणसाचं ८ किलो घटण्यासारखं आहे.

घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. गाई-म्हशींचं गोचीडनाशक औषधही त्याला लावू नका.

आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर विचारा. तिथे रक्ततपासणीची सोय नसेल, तर डॉक्टरांना विचारून अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत नेता येईल.

मांजराला उपाशी कोंडणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. दाणा-पाणी देणं जसं आपल्या जिम्मेदारीत येतं, तसंच म्हातारपणी त्याचं दुखणं ओळखणंही येतं.